कुठल्या नाकपुडीत

मटकी मीच भिजवली होती, परवा रात्री.
काल फडक्यात बांधून खिडकीच्या गजाला टांगली,
आज मोड आले, उद्याच्या मिसळीला अगदी हवे तसे,
आणि त्यातली एक
कस्तुरीच्या नाकात गेली.

गेली म्हणजे तिनं घातली.
अडीच वर्षांच्या माणसाला
ओट्याखाली बसून दुसरं काय सुचणार.
"बाबा, मतकी घलात गेली," म्हणाली
आणि हसली, आणि हसताना आत
काहीतरी टोचलं असावं, कारण थांबली.

शनिवार. सिडकोत लाइट गेलेली.
शर्वरी अंबडला, दुसऱ्या पाळीला.
तिला फोन लावला नाही.
कंपनीत फोन लॉकरमध्ये असतो, हे एक कारण.

सिन्नरला आईला लावला असता, तर ती आधी रडली असती,
मग म्हणाली असती, आम्ही चार वाढवली,
कुणाच्या नाकात काही गेलं नाही.
(माझ्या कानात ज्वारी गेली होती. आत्यानं सांगितलंय.)
ताईला लावला असता, तर ताईनं
"पुरुषांच्या हाती पोर दिलं की..."
एवढंच म्हणून वाक्य नळासारखं उघडं ठेवलं असतं.
आणि दवाखान्यातली ती काचेमागची मुलगी,
कागद भरताना, मान वर न करता:
लक्ष कुठं होतं तुमचं?

चार शब्द. सगळ्यांकडे तयार असतात,
वरच्या खिशातल्या सुट्ट्या पैशांसारखे.
ते ऐकायला लागू नयेत म्हणून माणूस
थोडा उशीर करतो. मी केला.
पाच मिनिटं. टॉर्च, भुवयांचा चिमटा.
चिमट्यानं मटकी अजून आत गेली.

मग खाली उतरलो. तळमजला, गांगुर्डे सिस्टर,
सिव्हिलमधून निवृत्त,
उरलेल्या उजेडात गॅलरीत लसूण सोलत होत्या.
ओळख म्हणाल तर पाण्याच्या टाकीवरून
एकदा झालेलं भांडण.
पोरीला पुढं धरून उभा राहिलो
आणि मीच सुरू केलं, त्यांना कष्ट नकोत म्हणून,
"चूक माझीच, मी तव्याकडं, एक मिनिटच..."

त्यांनी पदराला हात पुसले.
"कुठल्या नाकपुडीत?"

बस. एवढंच.
"डाव्या," मी म्हणालो,
आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा
मला एका प्रश्नाचं उत्तर येत होतं.

"खुर्चीत बसा. मांडीवर घ्या तिला.
उजवी नाकपुडी बोटानं दाबा.
पापी घेता ना, तसं तोंडाला तोंड लावा
आणि एकदाच फुंका, झटक्यात.
मी नाही, तुम्हीच. मला ती घाबरेल."

फुंकलं.
मटकी माझ्या गालावर येऊन आदळली,
मोडासकट, शेंबडासकट.
कस्तुरी म्हणाली, "पुन्ना."

सिस्टरांनी तिची हनुवटी वर करून पाहिलं.
"चिमटा घातला होता ना? थोडं खरचटलंय.
घालतात सगळे. रात्री थेंबभर रक्त दिसलं तर दचकू नका,
जास्त वाटलं तर दार वाजवा."
आणि पुन्हा लसूण सोलायला बसल्या.
टाकीचा विषय त्यांनी काढला नाही. मीही.

साडेअकराला शर्वरी आली.
सेफ्टी शूजची लेस सोडता सोडता सगळं ऐकलं,
चिमट्यासकट,
आणि विचारलंच,
"लक्ष कुठं होतं तुझं?"
"तव्यावर. चपाती करपत होती."
"मग?"
"करपली."

ती हसली नाही. दमली होती.
मोबाइलचा टॉर्च लावून आत गेली,
मागोमाग मी. दोघं गुडघ्यांवर
झोपलेल्या पोरीच्या नाकाशी,
डावी नाकपुडी, मग उगाच उजवीही.
काही नव्हतं.
आत जाणारा, बाहेर येणारा श्वास,
आणि हनुवटीवर
थोडा लसणाचा वास.